मुळाचा पत्ता आणि पायाखालचा फोल्डर

16 एप्रिल 2005 रोजी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेलचा सोर्स कोड गिट या आवृत्तींची नोंद ठेवणाऱ्या साधनात पहिल्यांदा कमिट केला. त्या एका कमिटमध्ये 17,291 फाइली होत्या आणि ओळी 67 लाखांहून जास्त. एवढा पसारा अर्थातच फोल्डरांत फोल्डर असा विभागलेला होता. यूएसबीचा कोड ‘ड्रायव्हर्स’च्या पोटात, फाइल सिस्टिमचा ‘एफएस’मध्ये, प्रत्येक प्रोसेसरसाठीचा वेगळा कोड ‘आर्च’मध्ये. कर्नेलवर काम करणारा माणूस दिवसातला बहुतेक वेळ अशा कुठल्या तरी आतल्या फोल्डरात घालवतो. गिटचा पहिला कोड नोंदला गेल्याला मात्र तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते, आणि त्या कोडची समज साधी होती: ज्या फोल्डरात उभं राहून आज्ञा दिली, तिथेच त्याचा ‘डॉट-डिरकॅश’ नावाचा खासगी फोल्डर असायला हवा. पुढे या फोल्डरचं नाव ‘डॉट-गिट’ झालं. तो असतो प्रकल्पाच्या मुळाशी. म्हणजे यूएसबीच्या फोल्डरात एक ओळ बदलली की आधी दोन-तीन पायऱ्या वर चढायचं, आज्ञा द्यायची आणि पुन्हा खाली उतरायचं.

आज गिट वापरणाऱ्याला हा त्रास आठवतही नाही. प्रकल्पाच्या कुठल्याही कोपऱ्यातून ‘गिट स्टेटस’ म्हटलं की उत्तर येतं. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी विचारपूर्वक घडवली असेल हे जाणवतही नाही. पण टर्मिनलवर चालणाऱ्या साधनाला आतल्या फोल्डरातून नीट काम करता यावं, यासाठी दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. हा माणूस कोणत्या प्रकल्पात आहे, हा पहिला. आणि त्याला त्या प्रकल्पातल्या कोणत्या भागाबद्दल बोलायचं आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रकल्पातल्या प्रत्येक फोल्डरातून एकच यायला हवं. दुसऱ्याचं उत्तर माणूस कुठे उभा आहे त्यावर अवलंबून राहू शकतं. आवृत्तींची नोंद ठेवणाऱ्या साधनांमधले बरेचसे गोंधळ हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे झाले आहेत.

गिटच्या आधीच्या पिढीने पहिला प्रश्न फार सरळ मार्गाने सोडवला होता. सीव्हीएस प्रत्येक फोल्डरात ‘सीव्हीएस’ नावाचा एक छोटा फोल्डर ठेवायचं. त्यातल्या ‘रूट’ आणि ‘रिपॉझिटरी’ या फाइलींमध्ये मूळ साठा कुठे आहे आणि हा फोल्डर त्यातला नेमका कोणता, एवढी माहिती असे. ‘एन्ट्रीज’मध्ये त्या फोल्डरातल्या फाइलींची यादी. शोधाशोध करायचीच नाही, जिथे आहात तिथेच सगळा पत्ता. सबव्हर्जननेही हीच रीत उचलली आणि प्रत्येक फोल्डरात ‘डॉट-एसव्हीएन’ ठेवलं. त्यात फाइलींच्या मूळ प्रतीसुद्धा असत. या रचनेचा एक फायदा खरा होता: मोठ्या प्रकल्पातला एखादाच फोल्डर उचलून दुसरीकडे नेला तरी तो स्वतःच्या पायावर उभा राहायचा.

तोटे मात्र रोजचे होते. कुणी एखादा फोल्डर कॉपी करून प्रकल्पात दुसरीकडे डकवला, की त्याच्या पोटातला लपलेला ‘डॉट-एसव्हीएन’सुद्धा सोबत जायचा. मग नवा फोल्डर आपली ओळख जुन्याच पत्त्याने सांगायचा. ‘ग्रेप’ने काही शोधायला जावं तर या लपलेल्या प्रतींतलेही निकाल यायचे. शेवटी ऑक्टोबर 2011 मध्ये आलेल्या सबव्हर्जन 1.7 ने ही रचना मोडीत काढली. त्यानंतर फक्त मुळाशी एकच ‘डॉट-एसव्हीएन’ राहिला, आणि फाइलींबद्दलची माहिती एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये गेली. म्हणजे आतल्या फोल्डरातून मूळ शोधण्याची गरज सबव्हर्जनलाही पडू लागली.

हा शोध कसा चालतो? टर्मिनलमधल्या प्रत्येक प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टिम एक चालू फोल्डर देते. गिट आधी त्या फोल्डरात ‘डॉट-गिट’ आहे का ते पाहतं. नसेल तर एक पायरी वर, तिथेही नसेल तर आणखी एक. अनोळखी वाडीत पत्ता विचारत निघालेला माणूस जसा वाडीवरून गाव, गावावरून तालुका असा वर सरकतो, तशी ही चढण. नुसतं नाव जुळून भागत नाही. सापडलेल्या ठिकाणी ‘हेड’, ‘ऑब्जेक्ट्स’ आणि ‘रेफ्स’ आहेत का, हेही तपासलं जातं. हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं. डिस्कच्या अगदी वरच्या टोकापर्यंत जाऊनही काही मिळालं नाही, तरच तो ओळखीचा नकार येतो: हा किंवा याच्या वरचा कुठलाही फोल्डर गिटचा साठा नाही.

‘डॉट-गिट’ हा दर वेळी फोल्डरच असेल असंही नाही. मुख्य प्रकल्पाच्या पोटात दुसरा प्रकल्प सबमॉड्यूल म्हणून बसवला असेल, किंवा ‘गिट वर्कट्री’ने एकाच साठ्याच्या दोन शाखा दोन फोल्डरांत उघडल्या असतील, तर तिथे ‘डॉट-गिट’ ही एका ओळीची साधी फाइल असते आणि खरा साठा कुठे आहे ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. अनेकांच्या घरगुती स्क्रिप्ट इथेच अडखळतात. कारण त्या ‘डॉट-गिट’ फोल्डर आहे का असं विचारतात, आणि वर्कट्रीमध्ये उत्तर ‘नाही’ येतं.

वर चढण्यालाही मर्यादा घालावी लागते. काही संस्थांमध्ये लोकांचे होम फोल्डर नेटवर्कवर असतात. गिट वर चढत ‘होम’पर्यंत पोहोचलं आणि तिथे ‘डॉट-गिट’ शोधू लागलं, की ऑपरेटिंग सिस्टिम ते नेटवर्कवर शोधायला निघते आणि साधी आज्ञासुद्धा रेंगाळते. म्हणून 2008 मध्ये ‘गिट सीलिंग डिरेक्टरीज’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आला. त्यात ज्या फोल्डरची नावं दिली, तिथे शोध थांबतो. दुसरी मर्यादा फाइल सिस्टिमच्या सीमेची आहे. चढता चढता दुसरी डिस्क किंवा दुसरं माउंट लागलं तर गिट तिथेच थांबतं आणि सीमेशी थांबलो असं स्पष्ट सांगतं. डॉकरच्या कंटेनरमध्ये प्रकल्पाचा फक्त एक आतला फोल्डर माउंट करणाऱ्यांना हा संदेश चांगलाच परिचयाचा आहे.

मूळ सापडलं की खरं नाजूक काम सुरू होतं. गिटचा इंडेक्स, म्हणजे पुढच्या कमिटची तयार यादी, प्रत्येक फाइलचा पत्ता मुळापासून लिहितो. माणूस मात्र आपल्या पायाखालच्या फोल्डरातून बोलतो. समजा, एखादा स्वयंसेवक एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतो आहे. अशा बऱ्याच प्रकल्पांत भाषांतरं ‘पीओ’ नावाच्या फोल्डरात असतात आणि मराठीची फाइल असते ‘एमआर डॉट पीओ’. तो ‘पीओ’मध्ये उभा राहून ‘गिट ॲड एमआर डॉट पीओ’ म्हणतो. इंडेक्सच्या लेखी मात्र ती फाइल ‘पीओ-स्लॅश-एमआर डॉट पीओ’ आहे. दोघांची भाषा जुळवायची कुणी?

ऑगस्ट 2005 मध्ये टॉरवाल्ड्स यांनी यासाठी जो मार्ग काढला, त्याच्यावरच गिट आजही चालतं. मूळ सापडलं की प्रोग्राम स्वतः मुळाच्या फोल्डरात जाऊन बसतो, पण माणूस जिथे उभा होता तो मधला रस्ता, म्हणजे इथे ‘पीओ-स्लॅश’, लक्षात ठेवतो. या तुकड्याला प्रीफिक्स म्हणतात. माणसाने दिलेल्या प्रत्येक फाइलच्या नावाआधी तो जोडला जातो. त्यामुळे आतला सगळा कोड मुळाच्याच भाषेत चालतो, आणि माणसाला ते कळायचीही गरज पडत नाही. उत्तर देताना हाच प्रीफिक्स उलटा वापरून पत्ते पुन्हा माणसाच्या जागेवरून लिहिता येतात. ‘पीओ’मध्ये उभं राहून ‘गिट स्टेटस’ विचारलं आणि बदल शेजारच्या ‘सोर्स’ फोल्डरात असेल, तर पत्ता दोन टिंबांनी सुरू होतो: एक पायरी वर, मग ‘सोर्स’. तो पत्ता तसाच उचलून पुढच्या आज्ञेत वापरता येतो. ही रचना मनापासून दाद देण्यासारखी आहे. दोन भाषांमधलं भाषांतर तिने फक्त दारापाशी ठेवलं, घरभर पसरू दिलं नाही.

सगळ्या आज्ञा एका दिवसात सुधारल्या नाहीत. 2005 च्या जुलैपासून गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली. त्या काळात गिटच्या अनेक आज्ञा शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या होत्या. त्यांच्यासाठी एक सामायिक फाइल होती, आणि ज्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सबडिरेक्टरी ओके’ असं लिहिलेलं नसेल ती आतल्या फोल्डरातून चालायला सरळ नकार द्यायची: ही आज्ञा मुळाच्या फोल्डरातूनच चालवा. असा नकार खटकतो, पण चुकीच्या फाइलींवर मुकाट्याने काम करण्यापेक्षा तो कितीतरी चांगला. जी आज्ञा आतून नीट चालेल याची खात्री झाली तिलाच परवानगी द्यायची, बाकीच्यांनी थांबायचं, हा शिरस्ता शहाणपणाचा होता.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे कोणत्या भागावर काम करायचं याचं उत्तर गिटमध्ये आजही आज्ञेगणिक बदलतं, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. ‘गिट ग्रेप’ फक्त पायाखालच्या फोल्डरात आणि त्याच्या आत शोधतं. ‘गिट क्लीन’ही तेवढंच साफ करतं. ‘गिट लॉग’ मात्र कुठूनही विचारला तरी साऱ्या प्रकल्पाचा इतिहास सांगतो. फक्त या फोल्डराचा हवा असेल तर पुढे एक टिंब द्यावं लागतं. ‘गिट रिसेट’ला ‘हार्ड’ हा पर्याय दिला, तर ‘पीओ’मध्ये उभं राहूनही अख्ख्या प्रकल्पातले न नोंदवलेले बदल पुसले जातात. आपण फक्त आपला फोल्डर पूर्ववत करतो आहोत अशा समजुतीने ही आज्ञा देणाऱ्याला नंतर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. त्याने ‘गिट रिस्टोअर’ पुढे एक टिंब, एवढंच द्यायला हवं होतं.

यातली एक विसंगती गिटने मोठ्या निर्धाराने दूर केली. ‘गिट ॲड’ला ‘यू’ किंवा मोठा ‘ए’ हा पर्याय दिला आणि पुढे कुठलाही पत्ता दिला नाही, तर पूर्वी फक्त चालू फोल्डरातले बदल घेतले जायचे. आतल्या फोल्डरातून कमिट करणाऱ्यांचे बाहेरचे बदल मागे राहायचे आणि अर्धवट कमिट व्हायची. 28 मे 2014 रोजी आलेल्या गिट 2.0 पासून या आज्ञा सगळ्या प्रकल्पाला लागू होतात. ज्यांना जुनं वागणं हवं त्यांनी टिंब द्यायचं. हा बदल जुन्या सवयी मोडणारा होता, म्हणून त्याआधीच्या आवृत्त्या बराच काळ वापरणाऱ्यांना तशी सूचना देत राहिल्या. निर्णय योग्यच होता. शोधणं, पाहणं ही कामं जागेपुरती असली तरी चालतात, पण नोंदीत काय जाणार हे माणूस कुठे उभा आहे त्यावर ठरू नये.

उलट बाजूने, आतून संपूर्ण प्रकल्पाबद्दल बोलायचं असेल तर पत्त्याच्या जागी कोलन आणि तिरकी रेघ लिहायची. ‘पीओ’मध्ये उभं राहून ‘गिट ग्रेप’ला शब्दानंतर ही खूण दिली की शोध मुळापासून होतो. जुन्या कमिटमधली फाइल पाहताना मात्र नियम बदलतो. ‘गिट शो हेड’, मग कोलन आणि फाइलचं नाव असं लिहिलं, तर ते नाव मुळापासूनचं मानलं जातं. आपला स्वयंसेवक ‘पीओ’मध्ये असेल आणि त्याने नुसतं ‘एमआर डॉट पीओ’ लिहिलं, तर गिट ती फाइल नाही म्हणतं, पण लगेच सुचवतं की तुम्हाला ‘पीओ’मधली फाइल हवी होती का, आणि नावाआधी टिंब व तिरकी रेघ लावली तरी चालेल. चूक झाल्यावर पुढचा रस्ता दाखवणारे असे संदेश आज्ञावलीच्या साधनांत अजूनही दुर्मीळ आहेत.

मर्क्युरिअल हे साधनही गिटच्याच वेळी, एप्रिल 2005 मध्ये जन्मलं. तेही वर चढून मूळ शोधतं. पण त्याचं ‘स्टेटस’ सहसा मुळापासूनचे पत्ते छापतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ते सोयीचं, टर्मिनलवर बसलेल्याला गैरसोयीचं. गिटने या दोघांसाठी वेगळी दारं ठेवली. माणसासाठी साधं ‘स्टेटस’, आणि प्रोग्रामसाठी ‘पोर्सेलेन’ हा पर्याय, ज्यात पत्ते मुळापासूनच येतात आणि कुणाच्या वैयक्तिक सेटिंगने बदलत नाहीत. ‘गिट डिफ’ मात्र आतल्या फोल्डरातूनही मुळापासूनचे पत्ते छापतं. त्याची ‘नेम-ओन्ली’ यादी थेट दुसऱ्या आज्ञेकडे पाठवणाऱ्या स्क्रिप्ट मुळाशी सुरळीत चालतात आणि ‘पीओ’मध्ये गेल्या की फाइल सापडत नाही म्हणतात. ‘रिलेटिव्ह’ हा पर्याय दिला तर पत्ते जागेवरून येतात, शिवाय यादीही त्या फोल्डरापुरतीच होते.

वर चढून मूळ शोधण्याच्या या सोयीला एक धोकाही चिकटलेला होता, आणि तो लक्षात यायला सतरा वर्षं गेली. समजा, एकच विंडोज संगणक अनेक जण वापरतात. त्यातल्या एकाने सी ड्राइव्हच्या मुळाशीच ‘डॉट-गिट’ फोल्डर तयार केला. आता दुसऱ्या कुणी त्या ड्राइव्हवरच्या, गिटशी संबंध नसलेल्या फोल्डरात गिटची आज्ञा दिली, तर शोध चढत चढत त्या पहिल्या माणसाच्या फोल्डरापर्यंत पोहोचतो. गिटच्या कॉन्फिग फाइलमधल्या काही नोंदींमुळे दुसरे प्रोग्राम चालवता येतात. म्हणजे एकाने पेरलेली आज्ञा दुसऱ्याच्या नावावर चालणार. अनेकांच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट प्रत्येक फोल्डरात आपोआप गिटला विचारतो. त्यामुळे ‘मी गिट वापरलंच नाही’ असं म्हणूनही सुटका नाही. एप्रिल 2022 मध्ये गिट 2.35.2 ने यावर उपाय आणला. सापडलेला फोल्डर दुसऱ्या कुणाच्या मालकीचा असेल, तर गिट त्यावर विश्वास ठेवत नाही. तो आपलाच म्हणून मान्य करायचा असेल तर ‘सेफ डॉट डिरेक्टरी’ या सेटिंगमध्ये त्याचं नाव लिहावं लागतं. कंटेनरमध्ये आणि स्वयंचलित चाचण्यांमध्ये फाइलींचा मालक एक आणि आज्ञा चालवणारा दुसरा असणं नेहमीचंच असल्याने त्यानंतर कित्येकांची कामं अडली. ती तक्रार खरी असली तरी निर्णय आवश्यक होता. ज्या सोयीवर माणूस न विचारता भरवसा ठेवतो, तिनेच सगळ्यात आधी मालकी तपासायला हवी.

त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या गिट 2.35 ने आणखी एक जुनं दुखणं दूर केलं. एखाद्या फोल्डरात उभं राहून, तो फोल्डरच नसलेल्या शाखेवर गेलं तर गिट फाइलींसोबत तो फोल्डरही काढून टाकायचं. माणूस मग नाहीशा झालेल्या जागेत उभा राहायचा आणि पुढची प्रत्येक आज्ञा विचित्र चुका दाखवायची. आता जिथून आज्ञा दिली तो फोल्डर रिकामा झाला तरी गिट त्याला हात लावत नाही.

गिटच्या भोवती स्वतःची छोटी साधनं लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कुणी कमिटआधी तपासणी करतं, कुणी भाषांतरांची टक्केवारी काढतं. त्यांनी वर चढणारा शोध स्वतः लिहू नये. ‘गिट रेव्ह-पार्स’ला ‘शो-टॉपलेव्हल’ विचारलं की मुळाचा पूर्ण पत्ता मिळतो, ‘शो-प्रीफिक्स’ विचारलं की मधला रस्ता. वर्कट्री, सबमॉड्यूल, सीमा, मालकी या साऱ्यांचा विचार त्यात आधीच झालेला आहे. ‘शो-टॉपलेव्हल’ सिमलिंक उलगडून खरा पत्ता देतं, हे मात्र लक्षात ठेवावं, कारण शेलमध्ये दिसणारा पत्ता त्याहून वेगळा असू शकतो. हुक, म्हणजे ठरावीक वेळी गिट आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट, लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी. कमिटच्या वेळी चालणारे हुक मुळाच्या फोल्डरातून चालतात, आणि गिट त्यांना ‘गिट डिर’ हा व्हेरिएबल भरून देऊ शकतं. तो भरलेला असला की शोध होतच नाही. हुकमधून शेजारच्या दुसऱ्या प्रकल्पात जाऊन आज्ञा दिली, तरी ती पहिल्याच प्रकल्पावर चालू शकते. तसं नको असेल तर तो व्हेरिएबल आधी काढून टाकावा.

मराठीत फाइलींची आणि फोल्डरांची नावं ठेवणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. गिट मुळात इंग्रजीबाहेरची अक्षरं पत्त्यात जशीच्या तशी छापत नाही. ‘म’ हे अक्षर ‘\340\244\256’ असं दिसतं, कारण यूटीएफ-8 मध्ये त्याचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट अष्टमान पद्धतीने लिहिला जातो. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की टर्मिनलवर देवनागरी नावं वाचता येतात. स्क्रिप्टसाठी मात्र ‘झेड’ पर्यायच खात्रीचा. त्यात नावं मूळ रूपात येतात आणि दोन नावांमध्ये शून्य बाइट असतो, त्यामुळे नावात जागा असली तरी गोंधळ होत नाही.

असं साधन दुसऱ्याच्या हाती देण्याआधी ते मुळातून एकदा, तीन पायऱ्या आतून एकदा, नावात जागा आणि देवनागरी अक्षरं असलेल्या फोल्डरातून एकदा आणि प्रकल्पाच्या पूर्ण बाहेरून एकदा चालवून पाहावं. गिटचे कर्तेही हेच करतात. त्यांच्या सोर्स कोडमध्ये ‘टी’ नावाच्या फोल्डरात 1020 क्रमांकाची एक चाचणी आहे, जी मुख्य आज्ञा आतल्या फोल्डरातून चालवून पाहते. आणि प्रत्येक चाचणी ज्या तात्पुरत्या फोल्डरात चालते त्याचं नाव सुरू होतं ‘ट्रॅश डिरेक्टरी’ असं. त्या दोन शब्दांमधली जागा 2008 मध्ये मुद्दाम घातलेली आहे.